मांजर आणि गर्भवती

भोर तालुक्यांतील भोंगवलीसारख्या गांवीं घर म्हटलें कीं धान्य आलें, धान्य आलें कीं उंदीर आले, आणि उंदरांच्या पाठोपाठ मांजर आलेंच. मांजर मारल्यास काशीस सोन्याचें मांजर वाहावें लागतें, या समजुतीनें त्यास अभयही लाभलेलें असतें. परंतु घरांत सून गरोदर राहिली, आणि ‘मांजराचा रोग गर्भास बाधतो’ असें कोणी ऐकून आलें, म्हणजे याच मांजरास पोत्यांत घालून वेशीबाहेर सोडण्याचा बेत ठरतो. ही भीति कितपत खरी, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

भीति निराधार नाहीं. टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा हा सूक्ष्म जंतु १९०८ सालीं ट्यूनिस येथें निकोल व मान्सो यांस एका उंदरासारख्या प्राण्यांत आढळला. मांजराशीं त्याचा संबंध मात्र १९७० च्या सुमारास उलगडला. मांजर उंदीर वा पांखरूं खातें. त्यांतून जंतु त्याच्या आंतड्यांत शिरतो व त्याचे बीजकोश विष्ठेवाटे बाहेर पडतात. हें बहुधा जन्मांत एकदांच, व तेंही दोनतीन आठवडे चालतें. म्हणून नुकतेंच शिकारीस लागलेलें पिलूं अधिक संशयास्पद. ताज्या विष्ठेंतील बीजकोश बाधत नाहींत. तयार होण्यास त्यांस एक ते पांच दिवस लागतात. पुढें मात्र ओलसर मातींत ते वर्षभरही टिकतात.

तेव्हां मांडीवरील मांजरापेक्षां परसांतील मातीचेंच भय अधिक. मांसाहारी घरांत कच्चें राहिलेलें मांस ही रोगाची मोठी वाट. पण ती आपल्या घरीं नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये. मांजर भुसभुशीत वाफ्यांत घाण करून ती झांकतें, आणि त्याच वाफ्यांतील मुळा व कोथिंबीर कोशिंबिरींत कच्चीच पडते.

जिला पूर्वींच लागण होऊन गेली, तिच्या गर्भास सहसा धोका नसतो. गर्भारपणांत प्रथमच लागण झाली, तरच संकट. आरंभींच्या महिन्यांत जंतु गर्भापर्यंत क्वचित् पोंचतो, पण पोंचल्यास गर्भपात होतो, किंवा मुलाच्या मेंदूस व डोळ्यांस इजा होते. अखेरच्या महिन्यांत तो अधिक वेळां पोंचतो. हानि मात्र सौम्य असते, व कधीं ती पुष्कळ वर्षांनीं डोळ्यांत प्रकट होते. आईस बहुधा कांहींच जाणवत नाहीं. रक्त तपासून डॉक्टर लागण जुनी कीं नवी याचा अंदाज करूं शकतात, व वेळीं कळल्यास औषधेंही आहेत. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचें खापर मात्र मांजरावर फोडूं नये. जुनी लागण त्यास सहसा कारण नसते.

मांजर हांकलल्यानें माती शुद्ध होत नाहीं. शेजारचीं मांजरें कुंपण ओलांडून येतातच. मांजर गेलें, पण सून वाफे खुरपीतच राहिली, तर काय साधलें? गर्भवतीनें मातींत हात घालूं नये; घालावाच लागला तर हातमोजे घालावे व साबणानें हात धुवावे. भाजी वाहत्या पाण्यानें धुवावी, पाणी उकळून प्यावें. मांजराची घाण रोजच्या रोज दुसऱ्या कोणीं काढावी. हें काम नऊ महिने नवऱ्यानें वा दिरानें पत्करलें, तर मांजरही घरांत राहील आणि येणारें बाळही सुखरूप येईल.