गंमत पुढे जाते, बोलणं मागे राहतं

दर दिवाळीला, साधारण वसुबारसेच्या आसपास, आमच्या ग्रुपवर एक चित्र हमखास येतं. काळोखात दिसणारा भारताचा नकाशा, त्यावर पांढऱ्या, निळ्या, हिरव्या आणि लाल ठिपक्यांची पखरण, आणि खाली मजकूर : 'नासाच्या उपग्रहाने टिपलेला दिवाळीच्या रात्रीचा भारत.' आम्ही आठ जण सावद्याच्या शाळेत एका वर्गात होतो. एकाचा केळीचा व्यापार, एकाचं औषधांचं दुकान, दोघं शिक्षक, एक शेती करतो, एक सुरतेला आणि एक पुण्यात असतो, आणि मी बँकेतून निवृत्त झालेला. पूर्वी हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी व्हायची. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जात असताना प्रत्येकाने कुठे काय अजब ऐकलं, वाचलं, ते सांगायचं. ती पार्टी आता वर्षातून एकदा होते. सांगणं मात्र मोबाइलवर रोज चालू असतं.

दिवाळीचं ते चित्र पहिल्यांदा आलं तेव्हा मीही ते चार ठिकाणी पाठवलं होतं. पुढच्या वर्षी ते पुन्हा आल्यावर केळीवाल्या मित्राने विचारलं, 'कुठलं रे भो हे? गेल्या वर्षीबी हेच होतं ना?' त्या प्रश्नाने मला शोधायला लावलं.

चित्र खोटं नाही, पण ते दिवाळीचं नाही आणि एका रात्रीचंही नाही. अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान व समुद्रविषयक संस्थेतील ख्रिस एल्विज या शास्त्रज्ञाने लष्करी हवामान-उपग्रहांच्या नोंदींवरून ते जुळवलेलं आहे. 1992 पूर्वीपासून दिसणारे शहरांचे दिवे पांढरे, 1992 मध्ये दिसू लागलेले निळे, 1998 मधले हिरवे आणि 2003 मधले लाल. म्हणजे ते वाढत्या वस्तीचं आणि विजेचं चित्र आहे. त्याच्याभोवतीचा गैरसमज इतका पसरला, की 2012 साली नासाच्या पृथ्वी-निरीक्षण विभागाला 12 नोव्हेंबर 2012 च्या रात्रीचं खरं चित्र प्रसिद्ध करून खुलासा करावा लागला. त्यासोबत त्यांनी हेही सांगितलं, की दिवाळीत वाढणारा उजेड अवकाशातून बहुधा जाणवणारही नाही.

मला विचार करण्यासारखी वाटली ती पुढची गोष्ट. मूळ चित्राबरोबर कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे सांगणारी सूची होती. चित्र फिरलं आणि सूची मागे राहिली. मग मोकळ्या झालेल्या जागेत कोणीतरी दिवाळी बसवली. त्यानंतर मी एक वही केली. ग्रुपवर आलेली गमतीशीर किंवा अजब गोष्ट मूळ कुठली आणि वाटेत तिचं काय गळलं, ते तीत लिहू लागलो. या लेखाचा पाया ती वही आहे.

सांगोवांगी गोष्टी पसरणं आपल्याला नवीन नाही. संतोषीमातेच्या नावाचं पोस्टकार्ड घरी आलेलं माझ्या पिढीला आठवत असेल : अशीच अकरा पत्रं लिहा, नाहीतर अनर्थ होईल. आईने ती माझ्याकडून लिहून घेतली होती. कचेऱ्यांत झेरॉक्स यंत्रं आल्यावर साहेबावरचे विनोद आणि व्यंगचित्रं हातोहात फिरू लागली. अमेरिकेत अ‍ॅलन डंडिस आणि कार्ल पॅग्टर यांनी अशा कागदांचा संग्रह 1975 साली पुस्तकरूपात काढला आणि हेही लोकसाहित्यच आहे असं मांडलं. आपल्याकडे नाशिकहून निघणाऱ्या 'अमृत'सारख्या मासिकाने देशोदेशीच्या नवलकथा घरोघरी पोहोचवल्या. पण तिथे निवड करणारा संपादक होता, त्याचं नाव पत्ता छापलेला होता, आणि चूक झाली तर पत्र कोणाला लिहायचं हे वाचकाला ठाऊक होतं.

लोकसाहित्याला नाव नसतं, मग फॉरवर्डला ते कशाला हवं, असा प्रश्न आमच्यातल्या शिक्षक मित्राने केला. तो रास्त आहे, पण त्याचं उत्तर सरसकट देता येत नाही. आम्ही पाठवतो त्यात दोन जाती असतात. एक विनोदाची, दुसरी नवलाची. विनोद खरा असावा लागत नाही. बंड्या आणि गुरुजींचा संवाद कोणी रचला, हे कळलं नाही म्हणून हसू कमी होत नाही. नवलाचं तसं नाही. 'अमुक देशात असं झाड आहे' या वाक्यातली सगळी मजा ते झाड खरंच असण्यात आहे. विनोद निनावी फिरू शकतो, नवलाला मात्र पत्ता लागतो. अडचण अशी, की मोबाइलच्या पडद्यावर दोघंही एकाच वेशात येतात. विनोदाच्या सवयीने हललेलं बोट नवलही तसंच पुढे ढकलतं.

तरीही, नाव राहण्याने काय फरक पडतो ते आमच्याच मुलखात दिसतं. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी 1951 साली गेल्या. शेतात, घरकामात त्या जे गात, ते सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी उतरवून ठेवलं होतं. सोपानदेवांनी ते आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि 1952 साली पुस्तक निघालं. ती वही नसती तर त्या ओळी 'खान्देशातलं एक जुनं गाणं' म्हणून उरल्या असत्या, किंवा उरल्याही नसत्या. आज त्याच ओळी मोबाइलवर फिरताना कधी नावासह दिसतात, कधी नावाशिवाय. लिहून ठेवल्यामुळे जे मिळालं, ते पुन्हा सुटायला वेळ लागत नाही.

उलटा प्रकारही आहे, नाव चिकटवण्याचा. पु. ल. देशपांडे 12 जून 2000 रोजी गेले, तरी मोबाइलच्या वेडावरचे विनोद त्यांच्या नावावर खपतात. वपु आणि नाना पाटेकर यांच्या वाट्यालाही असा पुष्कळ मजकूर येतो. यात फसवणुकीपेक्षा गरज जास्त असावी असं मला वाटतं. निनावी मजकूर वाचणाऱ्याला परका वाटतो. ओळखीचं नाव लागलं की तो घरात घेता येतो. पुलंचं नाव हे अशा वेळी लेखकाचं नाव न राहता दर्जाचा शिक्का होतं.

नवल इतक्या वेगाने का धावतं, याचं एक मोजमाप मार्च 2018 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं. सोरुश वोसुघी, देब रॉय आणि सिनान अराल या एमआयटीच्या संशोधकांनी ट्विटरवर 2006 ते 2017 या काळात सुमारे 30 लाख लोकांनी पसरवलेल्या सुमारे 1,26,000 बातम्या तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्के जास्त निघाली. 1,500 लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहा पट वेळ लागला. आपोआप चालणारी खाती वगळून पाहिलं तरी निष्कर्ष बदलला नाही, म्हणजे पसरवणारी माणसंच होती. खोट्या बातम्या लोकांना जास्त नव्या वाटत होत्या, असंही त्यांना दिसलं. खरी गोष्ट जगाच्या चाकोरीत असते, रचलेली गोष्ट हवी तितकी नवी करता येते.

हा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, जूनमध्ये, माझ्या मोबाइलवर एका नातेवाइकाकडून संदेश आला : मुलं पळवणारी टोळी खान्देशात उतरली आहे, सावध राहा. मी तो आमच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लगेच दुसरा संदेश लिहिला, 'हे खरं आहे का? कोणाला काही माहीत आहे?' मला वाटलं, मी चौकशी केली.

रविवार, 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेल्यावरही त्यांना सोडलं नाही. पाचही जण मेले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते, भिक्षा मागत फिरणारे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे लोक गावोगाव असेच हिंडत आले होते. त्या भागात आधीपासून मुलं पळवल्याच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या.

त्या आठवड्यात औषधांच्या दुकानात बसलो असताना मित्राने त्याच्या गल्लीच्या ग्रुपवरचा तोच संदेश दाखवला. तो आमच्या ग्रुपवरून, मी टाकलेलाच, पुढे गेला होता. माझा प्रश्न त्याच्यासोबत नव्हता. असणारही नव्हता, कारण तो वेगळा संदेश होता आणि फॉरवर्ड फक्त वस्तू उचलतं, तिच्याभोवतीचं बोलणं उचलत नाही. राईनपाड्यात जे झालं त्याचा माझ्या त्या संदेशाशी थेट संबंध आहे, असं मी म्हणत नाही. पण त्या दिवसांत सगळीकडे जे फिरत होतं, त्यात माझ्या हातचंही थोडं होतं. माझी शंका माझ्यापाशी राहिली होती आणि भीती पुढे गेली होती.

त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत अशीच तुटलेली होती. मोटारसायकलवर आलेले दोघं रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढंच तीत दिसायचं. मूळ फीत कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी बनवली होती. तिच्या शेवटी ते दोघं परत येतात, मुलाला सोडतात आणि कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला क्षणच पुरतो, असा फलक दाखवतात. कोणीतरी शेवट कापला. जी फीत सावध करायला बनवली होती, ती तेवढ्याने पुरावा झाली.

जुलै 2018 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने दोन बदल केले. पुढे पाठवलेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' ही खूण येऊ लागली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली. जानेवारी 2019 मध्ये ती जगभर लागू झाली. पाच किंवा अधिक हातांतून आलेल्या संदेशावर दुहेरी बाण दिसू लागला, आणि एप्रिल 2020 पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यानंतर अशा संदेशांची फिरती 70 टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं.

ही खूण काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घ्यायला हवं. संदेश कुलूपबंद असल्यामुळे कंपनीला मजकूर वाचता येत नाही. तो किती हातांतून गेला एवढा आकडा त्याच्यासोबत जातो. बाण म्हणजे खरंखोटं ठरवणं नव्हे. शिवाय मजकूर नक्कल करून नव्याने चिकटवला, किंवा चित्राचा स्क्रीनशॉट काढून पाठवला, की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि शिळी गोष्ट ताजी दिसते. यंत्राने वेग कमी केला. पत्ता लिहिण्याचं काम पाठवणाऱ्याकडेच राहिलं.

आम्ही आमच्यापुरता एक नियम केला. नवल पाठवायचं तर त्याच संदेशात, वेगळं नव्हे, एक ओळ लिहायची : कुठे मिळालं आणि मी काय तपासलं. चित्र असेल तर ते गूगलच्या चित्रशोधात टाकून सर्वांत जुनं कधीचं सापडतं ते पाहायचं. काहीच सापडलं नाही तर 'तपासलं नाही' असं लिहायचं. विनोदाला नियम नाही. सुरुवातीला ग्रुप थंडावला. सुरतेचा मित्र म्हणाला, 'आता काय पंचनामा करूनच हसायचं का?' पुढे हळूहळू दिसू लागलं, की संदेश कमी झाले तरी त्यांवरचं बोलणं वाढलं. कुठून आलं हे सांगताना मूळ गोष्ट वाचावी लागते, आणि ती पुष्कळदा फॉरवर्डपेक्षा जास्त अजब निघते.

गेल्या दिवाळीत ते रंगीत चित्र सुरतेच्या मित्राला पुन्हा कोणीतरी पाठवलं. त्याने ते आमच्याकडे टाकलं नाही. त्याऐवजी 2012 चं खरं चित्र शोधून पाठवलं, तारखेसकट. ते करड्या रंगाचं, फिकट, दिवाळी वाटू नये असं होतं. शिक्षकाने विचारलं, यात भुसावळ कुठे? केळीवाला म्हणाला, तापी सापडली तर सांगतो. मग ते मोठं करून, लहान करून, मुंबईपासून बोट सरकवत, आठही जण रात्री बराच वेळ सावदा शोधत बसलो.