परसातल्या कोंबड्यांचा खुराक : कमी खर्चात अंडी कशी मिळतील?



लालबाग-परळमधल्या बऱ्याच घरांचा एक पाय अजून गावी असतो. १९८२ च्या संपानंतर कितीतरी कुटुंबं कोकणात, साताऱ्याकडे परतली, पण चाळीतली खोली आणि गावचं घर हा धागा तुटला नाही. पूर्वी मनिऑर्डर जायची, आता मोबाइलवरून पैसे जातात. त्या पैशांतून हल्ली कोंबड्यांच्या खाद्याचं पोतंही येतं. पालकसभेत विज्ञानाच्या बाईंना हमखास येणारा प्रश्न असा : "बाई, गावी आईने पाच कोंबड्या पाळल्यात. पोत्यालाच पैसे जातात, अंडी मात्र दिसत नाहीत. काय घालायला सांगू?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तरात सहावी-सातवीचं निम्मं विज्ञान आणि थोडं गणित येतं. म्हणून हा पाठ.

आधी गणित करू. बांधून ठेवलेली अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला ४० किलो. आपली गावठी कोंबडी वर्षाला ७० च्या आसपास अंडी देते. ४० किलोला ७० ने भागा. एका अंड्यामागे जवळजवळ ५७० ग्रॅम खाद्य! खाद्य कितीही स्वस्त आणा, एवढं खाऊन निघालेलं अंडं दुकानातल्या अंड्यापेक्षा महागच पडणार. आता तीच कोंबडी दिवसभर परसात, गोठ्यामागे, शेणखतात चरली आणि संध्याकाळी तिला फक्त मूठभर, म्हणजे ३५ ग्रॅम दाणे घातले, तर हिशोब होतो एका अंड्यामागे सुमारे १८० ग्रॅम. आजीला हे गणित कुणी शिकवलेलं नव्हतं, पण ती मूठभरच टाकायची. गावठी कोंबडी परवडते ती थोडं खाते म्हणून नव्हे, तर उरलेलं स्वतः शोधून खाते म्हणून.

म्हणून पालकांना माझा पहिला प्रश्न असतो, कोंबडी कुठली? वनराजा, गिरिराजा, ग्रामप्रिया अशा सुधारित जाती असतील तर त्या जास्त अंडी देतात, पण चरून मिळतं तेवढ्यावर त्यांचं भागत नाही. त्यांना खुराक लागतो आणि तो वाया जात नाही. ४० किलो खाऊन १६० अंडी दिली तरी अंड्यामागे २५० ग्रॅमच पडतात, आणि थोडी चरली तर त्याहून कमी. गावठीला पोतं रिकामं करून घालणं आणि सुधारित कोंबडीला नुसती मूठ टाकणं, दोन्हीकडे पैसे बुडतात.

आता खुराकात काय? कोकणात सगळ्यात सोपं म्हणजे उरलेला भात. भात वाईट नाही, पण नुसता भात घातक. याचा पुरावा इतिहासात आहे आणि मुलांना तो फार आवडतो. १८९० च्या सुमारास जावा बेटावर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमान नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगावर काम करत होते. त्यांच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले आणि काही दिवसांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. शोध घेतल्यावर कळलं, मधल्या काळात त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला पॉलिश केलेला पांढरा भात मिळत होता. पुढे नवीन आचाऱ्याने तो द्यायला नकार दिला आणि कोंबड्या पुन्हा साध्या, न सडलेल्या तांदळावर आल्या. जे हवं होतं ते तांदळाच्या कोंड्यात होतं. आज आपण त्याला ब-१ जीवनसत्त्व म्हणतो. आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हा गिरणीवरचा कोंडा फेकू नका, भातात कालवून घाला. फक्त ताजा घाला; कोंड्यात तेल असतं, तो लवकर खवट होतो.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि ती कुठूनतरी यायला हवीत. चरणारी कोंबडी किडे, गांडुळं, वाळवी खाऊन बरंचसं भागवते. खुराड्यातली कुठून आणणार? पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करा. दाणे घरचे असू देत, विकत आणायची ती पेंड. सुधारित कोंबड्यांसाठी घरगुती मिश्रणाचं एक ढोबळ प्रमाण देते : भरडलेला मका किंवा तांदळाची कणी ५ किलो, कोंडा दीड किलो, शेंगदाण्याची पेंड २ किलो आणि बिनमिठाची सुकट कुटून अर्धा किलो. धान्यात साडेआठ टक्के, कोंड्यात १२, पेंडीत ४२ आणि सुकटीत ५० टक्के प्रथिनं धरून बेरीज वर्गात करायला द्या. सुमारे १.७ किलो येईल, म्हणजे ९ किलोत १९ टक्क्यांच्या आसपास. त्याबरोबर शिंपल्यांचा चुराही पोटात जातो, तो धरला तर १७ टक्क्यांवर येतं. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के पुरतात.

शिंपले कशाला? कवचासाठी. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. दिवसभराच्या मक्यातून किंवा तांदळातून ०.१ ग्रॅमसुद्धा मिळत नाही. कॅल्शियमसाठी नावाजलेली नाचणी ११० ग्रॅम घातली तरी ०.४ ग्रॅमच्या आत. मग कोंबडी काय करते? स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणूनच आधी पातळ कवचाची अंडी येतात, मग अंडी बंद होतात आणि शेवटी कोंबडी बसते ती उठतच नाही. यावरचा उपाय जवळजवळ फुकट आहे. तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपले टाकून न देता धुवा, उन्हात वाळवा आणि वरवंट्याने जाडसर कुटा. दादर-लालबागच्या घरांतसुद्धा हे जमतं; गावी जाताना पिशवीभर न्यायला काय हरकत आहे? पीठ मात्र करू नका. कवच बनायला वीसेक तास लागतात आणि ते मुख्यतः रात्री बनतं. जाड तुकडे पेषणीत रात्रभर हळूहळू विरघळत राहतात. चुरा मिश्रणात न घालता वेगळ्या भांड्यात, संध्याकाळी ठेवा. जिला हवा ती खाईल. पिल्लांना आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना तो लागत नाही, जास्त झाला तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

हिरवा पाला हवाच. भाजीबाजारात कोबी-फ्लॉवरची बाहेरची पानं ढिगाने पडलेली असतात, गावी शेवगा आणि माठ असतो. उरलासुरला चिवडा-फरसाण मात्र कोंबड्यांना नको, कारण मीठ. (तिखटाचं त्यांना काही वाटत नाही. मिरचीचा झणका पक्ष्यांना जाणवतच नाही, त्यामुळे लालबागच्या मसाला गल्लीतून कोंबडी डोळे न पुसता जाईल!)

एका बाबतीत मात्र काटकसर करू नका. पावसाळ्यात पेंडीला, मक्याला बुरशी लागते आणि "माणसाला नाही तर कोंबडीला चालेल" म्हणून ती घातली जाते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. हे विष उन्हात वाळवून किंवा शिजवून जात नाही. जून ते सप्टेंबर पेंड पंधरा दिवसांपुरतीच आणा, डबा जमिनीपासून उंच ठेवा, वास आला तर पुरून टाका.

इतकं करूनही अंडी थांबली तर लगेच खाद्य बदलू नका. पिसं झडत असतील तर कोंबडी तेवढे आठवडे अंडी देत नाही. थंडीत दिवस लहान होतो, उजेड कमी पडला की अंडी कमी होतात. गावठी कोंबडी खुडूक झाली तर ती जेमतेम खाते आणि जागची हलत नाही. आणि पाण्याकडे बघा. कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते, मे महिन्यात त्याहून जास्त. दुपारी भांडं कोरडं असेल तर वरचा सगळा हिशोब फुकट. शंका असेल तर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारायला सांगा. आपल्याकडे तर १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय परळलाच आहे, मुलांचे प्रश्न लिहून तिथे नेता येतील.