‘पाच वर्षं काही होत नाही’ असं तुम्ही म्हणालात ना?

सीट कव्हरच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून दुकानदार मित्रांचे फोन येताहेत आणि विषय एकच. गिऱ्हाईक सात-आठ महिन्यांनी गाडी घेऊन येतं, ड्रायव्हर सीटची बाजू सोलपटलेली असते, आणि ते म्हणतं बदलून द्या. कंपनी म्हणते हे वॉरंटीत बसत नाही. मधे सापडतो आपण. व्हिडिओत हे दोन मिनिटांत उरकलं होतं, इथे नीट लिहितो.

आधी सीट का झिजते ते समजून घेऊ. स्पोर्ट्स कार आपल्या जिल्ह्यात दिसते ती समृद्धीवर, कारंजा ते मालेगाव पट्ट्यात, तीही क्षणभर. पण हा आजार तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. तिची सीट जमिनीला टेकल्यासारखी खाली असते आणि वळणावर माणूस सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना उंच उशा असतात, त्यांना बोल्स्टर म्हणतात. माणूस गाडीत बसत नाही, त्या उशीवरून घसरत आत जातो. बाहेर येताना पुन्हा तिच्यावरच सगळं वजन. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून उजवी बोल्स्टर आधी जाते. लाखांची गाडी असो की कोटीची, जागा तीच.

उंच गाड्यांत उलटं होतं, पण परिणाम सारखा. ड्रायव्हर वरून खाली घसरतो. त्यात जीन्सच्या मागच्या खिशात पाकीट, कमरेला चाव्यांचा जुडगा, अंगाला घाम, आणि सोयाबीनच्या हंगामात कपड्यांवर बारीक धूळ. ही धूळ पॉलिश पेपरचं काम करते. हाताला लावलेलं सॅनिटायझर सीटला पुसलं की रंगाचा थर मऊ पडतो, ते वेगळंच.

आणखी एक गोष्ट बऱ्याच दुकानदारांनाही माहीत नसते. गाडीतल्या लेदरवर बहुतेक वेळा रंगाचा आणि वर संरक्षक कोटिंगचा थर असतो. आधी झिजतो तो थर, चामडं नाही. शिवाय ‘लेदर सीट’ म्हणून विकलेल्या बऱ्याच गाड्यांत अंग टेकतं तेवढ्याच भागाला खरं चामडं असतं, बाजूला आणि मागे व्हिनाइल. माहितीपत्रकात ‘लेदरेट’ लिहिलं असेल तर चामड्याचा विषयच संपला. आपण विकतो ते कव्हर तर सरळ रेक्झिन किंवा पीयू असतं. (रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीचं ब्रँडनाव. आपण त्याची जातच करून टाकली, झेरॉक्ससारखी.) पीव्हीसी रेक्झिनमध्ये ते मऊ राहावं म्हणून एक द्रव्य घातलेलं असतं. उन्हात तापून तापून ते उडत जातं, मग रेक्झिन कडक होतं आणि तडकतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत काय होत असेल, विचार करा. पीयूचा शत्रू ओलावा. त्याचा वरचा पापुद्रा सुटून पोपडे निघतात.

आता भांडणाचा मुद्दा. हे झिजणं वापराचं की मालातला दोष? वॉरंटीच्या कागदावर ‘सामान्य झीज वगळून’ ही ओळ बहुतेक ठिकाणी असते आणि सगळे दावे तिथेच अडकतात. मी दुकानात एक सोपी पद्धत ठेवली आहे. गिऱ्हाइकाचं ऐकून घेतो आणि आधी ड्रायव्हरची नाही, शेजारची सीट बघतो. मग हेडरेस्टचा मागचा भाग, जिथे कोणाचं अंग घासत नाही. तिथेही पोपडे असतील तर माल खराब, वाद घालायचा नाही. फक्त उजव्या बोल्स्टरवर घासल्यासारखा पट्टा असेल तर ती झीज. शिलाईच्या रेषेतच सरळ उसवलं असेल तर दोरा किंवा कारागिरी, म्हणजे जबाबदारी बसवणाऱ्याची. आतला फोम दबला असेल तर वरचं कव्हर दुमडून दुमडून तडकतं, तिथे मात्र निर्णय खरंच कठीण असतो. चारही जागांचे फोटो गिऱ्हाइकासमोर काढतो आणि त्यालाच पाठवतो.

मागे रिसोडकडचे एक काका आले होते. कव्हर दुसऱ्या दुकानातलं, सल्ला विचारायला माझ्याकडे. म्हणाले, “त्यानंच त म्हनलं होतं, पाच साल काई होत नाई. मी काय सीटवर नाचलो काय?” बिल मागितलं, तर चिठ्ठी निघाली. त्यावर फक्त रक्कम. दुकानदाराला वाटत असेल, कागद नाही म्हणजे आपण सुटलो.

सुटला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘दोष’ शब्दाची व्याख्या वाचा. कायद्याने किंवा कराराने ठरलेला दर्जा नसणं हा तर दोष आहेच, पण विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला, तसा माल नसणं हाही दोष आहे. कोणत्याही प्रकारे. म्हणजे तोंडी बोललात, स्टेटसला टाकलंत, बोर्डवर रंगवलंत, सगळं धरून. तोंडी गोष्ट सिद्ध करावी लागते, पण आजकाल गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये तुमचा व्हॉइस मेसेज असतो. त्याच कायद्यात, योग्य चाचणी न करता मालाच्या आयुष्याची हमी देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि चाचणी केली होती हे सिद्ध करायची जबाबदारी हमी देणाऱ्यावर. पाच वर्षांची चाचणी कोणी केली आहे? बिल न देणं हेही त्याच यादीत आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं हेसुद्धा. तेव्हा ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या शिक्क्यावर फार विसंबू नका.

डीलर आणि कंपनी यांच्यात जबाबदारी कशी वाटली जाते, त्यासाठी गोव्यातलं एक प्रकरण बघण्यासारखं आहे. ग्राहकाला २०११चं मॉडेल हवं होतं, हातात पडली २००९ची, आधीच ६२२ किलोमीटर चाललेली गाडी. खालच्या दोन्ही पायऱ्यांवर आणि राष्ट्रीय आयोगात कंपनी आणि डीलर दोघांनाही जबाबदार धरलं गेलं. टाटा मोटर्स सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०२१ मध्ये कंपनीवरची जबाबदारी काढून टाकली गेली. कारण, डीलरने काय केलं हे कंपनीला माहीत होतं असा पुरावा नव्हता आणि दोघांचे व्यवहार स्वतंत्र होते. आपण काउंटरवर जे बोलतो त्यासाठी कंपनी आपल्या पाठीशी उभी राहील, हे डोक्यातून काढून टाका.

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही मर्यादा आहे. मारुतीच्या एका गाडीच्या क्लचवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल तर पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. बोल्स्टर फाटली म्हणून सगळा सेट नवा द्या, ही मागणी म्हणूनच टिकायला अवघड.

प्रकरण वाढलंच तर ग्राहक आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात जाऊ शकतो. कव्हर नागपुरात घेतलं असलं तरी तक्रार वाशिमला करता येते. मुदत दोन वर्षांची, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहेच. नुसतं बघून दोष कळत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. चामड्यासाठी चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था सगळ्यात नावाजलेली. पण तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो, आणि सीट कव्हरसाठी एवढं कोण करतं? म्हणूनच नव्वद टक्के भांडणं काउंटरवरच मिटवायची असतात.

जाता जाता एक गोष्ट, जिथे तडजोड नाही. नव्या गाड्यांत साइड एअरबॅग सीटच्या बाजूतच असते. त्या बाजूला ‘एअरबॅग’ असं टॅग शिवलेलं दिसतं. तिथे जाड, बंद शिलाईचं कव्हर चढवलं तर अपघातात एअरबॅग नीट उघडणार नाही. हे झिजण्याचं नाही, जिवाचं प्रकरण आहे. कव्हर बनवणारा कोण हेच कळत नसेल, तर इजेची जबाबदारी कायद्याने विकणाऱ्यावर येऊ शकते. दिल्लीहून विनानावाच्या पोत्यात आलेला माल घेताना हे लक्षात ठेवा.

काकांचं काय झालं? त्यांच्या शेजारच्या सीटलाही पोपडे होते. मी फोटो काढून दिले, त्यांनी ते दुकानदाराला दाखवले. त्याने माल स्वतःकडून दिला, मजुरी काकांनी भरली. आणि या वेळी काकांनी बिल मागून घेतलं, त्यावर हाताने लिहून: शिलाई ६ महिने, पोपडे १ वर्ष, घासून झालेली झीज नाही.