प्रतिस्पर्ध्याच्या मालाची वार्ता

व्यापारी बोली बोलण्यापूर्वीं कोणत्या पेठेंत किती माल उतरला याची चौकशी करतो. आपण शेतकरी मात्र गाडी भरून बाजारांत नेतों आणि भाव तेथें गेल्यावर विचारतों. लिलावांत आपण हरतों तें बहुधा याच कारणानें. शेती हाही एक धंदा आहे, व धंद्यांत आपल्या मालाइतकीच दुसऱ्याच्या मालाची माहिती असावी लागते.

कांद्याचेंच उदाहरण घ्या. नाशिक जिल्ह्यांतील पोळ कांदा आक्टोबरच्या सुमारास निघूं लागतो. त्यापूर्वींच कर्नाटकाचा नवा माल बाजारांत येतो. मागोमाग राजस्थानांतील अलवारचा कांदा उत्तरेकडील पेठांत उतरतो, व हिंवाळ्यांत गुजराथेंतील महुव्याची आवक सुरू होते. पोळ व रांगडा फार दिवस टिकत नाहींत. ते काढले कीं विकणें प्राप्त असतें. उन्हाळी कांदा मात्र चांगल्या चाळींत चार-पांच महिने राहतो. तेव्हां ती चाळ केव्हां फोडावी, हें आपल्या नडीवरून न ठरवितां कर्नाटकांतील पीकपाण्यावरून ठरविणें शहाणपणाचें.

प्रस्तुत लेखकानें हा धडा नुकसान सोसून घेतला आहे. मी महसुली कचेरींत लेखनिक असतां एका सालीं तालुक्याच्या पीकपाहणीचा गोषवारा मींच लिहिला. कांद्याचें क्षेत्र बरेंच वाढलेलें त्यांत स्पष्ट दिसत होतें. मीं बेरजा तपासल्या, कागद वर पाठविला, आणि घरीं येऊन भाव चढेल या आशेनें चाळ भरून ठेविली! निम्मा माल सडला. उरलेल्याच्या पैशांत खर्चही निघाला नाहीं. वार्ता माझ्याच लेखणीखालीं होती. ती कामाची आहे हें मात्र सुचलें नाहीं.

ही हेरगिरी नव्हे. सर्व माहिती उघडी असते. पीकपाहणीची नोंद सन २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाईलवर करीत आहेत. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट या संकेतस्थळावर बाजारसमित्यांची आवक व भाव पाहावयास मिळतात. बियाण्याच्या दुकानदारास खप विचारला, मालमोटारीच्या चालकास वाटेवरील पिकें विचारलीं, तर पुढील हंगामाचा पुष्कळ अदमास येतो. सरकारी धोरणाकडेही लक्ष असावें: डिसेंबर २०२३ मध्यें आलेली निर्यातबंदी मे २०२४ मध्यें उठली, व मधल्या काळांत लाल कांदावाल्यांस थांबण्याची सोयच नव्हती.

एकट्यानें हें सारें साधत नाहीं. गांवांतील दहा जणांनीं एकेक पेठ वांटून घ्यावी, दर आठवड्यास आवक व भाव एका वहींत मांडावे, आणि चाळ फोडण्यापूर्वीं ती वही वाचावी. वहीस खर्च थोडा. ती नसल्याचा खर्च किती, तें मीं वर सांगितलेंच आहे.