हरिपाठही हवा, गोळीही हवी



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक चालू होती. हप्त्यांचा हिशेब सांगता सांगता एका काकूंना गरगरलं. आशाताईंनी बीपी मोजलं, तर वरचं 180 आणि खालचं 110! काकू म्हणाल्या, "रोज हरिपाठाला बसते, मन शांत असतं. म्हणून दोन महिने झाले, गोळी बंद केली."

आम्ही काकूंना हसलो नाही. हरिपाठानं बरं वाटतं, हा आमचाही अनुभव आहे. पण ते का वाटतं, हे समजून घेऊ या.

एरवी आपण मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो. काळजी लागली, की श्वास भराभर चालतो, छाती धडधडते. जप करताना, एका दमात ओळ म्हणताना श्वास हळूहळू सुटतो आणि हृदयालाही विसावा मिळतो. इटलीतल्या डॉक्टरांनी 23 निरोगी माणसांवर हे तपासलं. 2001 साली ते छापून आलं. ख्रिस्ती जपमाळ असो की बौद्ध मंत्र, जपताना श्वास मिनिटाला 6 च्या आसपास आला. म्हणजे धर्म कुठलाही असो, संथ लय शरीराला मानवते. शिवाय चारचौघी एकत्र बसलो, की मनावरचा भारही हलका होतो.

पण वाढलेलं बीपी बरेचदा जाणवतच नाही. मन शांत असलं, तरी आत दाब चढलेला असू शकतो. त्यातूनच लकवा, हृदयविकार, किडनीचा आजार ओढवतो. प्रार्थनेनं, ध्यानानं बीपी थोडं उतरतं. पण तेवढ्यावर गोळी सुटत नाही.

म्हणून रोज दहा मिनिटं शांत बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा. जप करा, नाहीतर नुसता श्वास हळू घ्या, त्याहून हळू सोडा. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. दोन आठवडे झोप नाही, कशातच जीव रमत नाही, असं झालं तर "देव बघून घेईल" म्हणून घरी बसू नका, दवाखाना गाठा.

काकूंना आम्ही त्याच दिवशी आरोग्य केंद्रात नेलं. गोळी पुन्हा सुरू झाली. आता गोळ्यांची डबी त्यांच्या देवघरात असते. सकाळी देवाला फूल वाहिलं, की लगेच गोळी! आणि दर बैठकीत हप्त्याबरोबर आम्ही प्रत्येकीचं बीपीही वहीत लिहितो. तुमच्या गटाच्या वहीतही तेवढा एक रकाना वाढवा.