घरचा पान्यांचा डबा : एकदम घ्यायचा नाही, जमवायचा

आजचा विषय ऐकायला बारका आहे, पण घरोघरचा आहे. मोटारसायकल, फवारणीपंप, विहिरीवरची मोटर, पेरणीयंत्र, कडबा कुट्टी, यातलं एखादं तरी यंत्र आपल्या जिल्ह्यात बहुतेक घरी आहे. आणि ते बिघडलं की आधी स्वतः खोलून बघणारा एक माणूसही घरात असतोच. त्याचं गॅरेज नसतं, तो आयटीआय झालेला असेलच असंही नाही. आम्ही त्याला घरगुती मेकॅनिक म्हणतो. त्यानं आपली हत्यारं कोणत्या क्रमानं जमवावीत, पैसा कशावर घालावा, कशावर घालू नये, एवढंच आज बोलायचं आहे.

आमचं म्हणणं एका वाक्यात सांगतो : हत्यार कामानं घरात यावं, सेटच्या चकाकीनं येऊ नये. बाकीचं व्याख्यान म्हणजे या वाक्याचा खुलासा समजा.

हत्यारं गावातून घरात कशी आली

पूर्वी शेतकऱ्याच्या घरी हत्यारं फारशी लागतच नव्हती. ती गावात होती. वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट सुताराकडे. ऐरण, घण, भाता, सांडशी लोहाराकडे. हंगामाआधी तिफण, वखर, डवरा त्यांच्याकडून नीट करून घ्यायचा आणि बलुतं द्यायचं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिथले लोखंडी नांगर वावरात आले, आणि नांगरासोबत नट-बोल्टही आले. पुढे इंजिन आलं, मोटर आली, ट्रॅक्टर आला, १९८५ नंतर चार स्ट्रोकच्या मोटारसायकली आल्या. नट-बोल्टला वाकस चालत नाही, पाना लागतो. बलुत्याची पद्धत मोडली, सुतार-लोहारांची पोरं दुसऱ्या धंद्याला लागली, आणि हत्याराची जबाबदारी न सांगता घरावर येऊन पडली.

याची किंमत कुठे कळते? मृगाचा पाऊस झाला, जमिनीला वाफसा आला, आणि पेरणीयंत्राच्या चाकाचा बोल्ट तुटला तेव्हा. घाटाखाली काळ्या जमिनीत वाफशाचे दिवस मोजकेच भेटतात. मेकॅनिक तालुक्याला, आणि त्याच्याकडे त्या दिवशी दहा जण आधीच उभे. वीस रुपयांच्या बोल्टसाठी पेरणीचा दिवस जातो. त्या दिवशी घरात १७ चा पाना असणं किंवा नसणं, हा फरक पैशात मोजता येतो.

पहिला डबा

सुरुवात कशानं करावी? बाजारात दुतोंडी पान्यांचा आठ नगांचा सेट भेटतो : ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९, २०-२२. सेट म्हणून एवढी एकच गोष्ट पहिल्या दिवशी घ्यायला हरकत नाही. त्यासोबत एक पक्कड, एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, मध्यम हातोडी आणि गाडीचा प्लग पाना. झाला पहिला डबा.

बरेच जण विचारतात, इतके आकडे कशाला? आता बघा. पान्यावरचा आकडा हा बोल्टच्या डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर असतो, आट्यांची जाडी नव्हे. ६ मिलिमीटर आट्यांच्या बोल्टला १० चा पाना लागतो. ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारणपणे १३ चा, पण जपानी घराण्याच्या मोटारसायकलवर त्याच बोल्टला १२ चा. १० मिलिमीटरच्या बोल्टचं तर विचारूच नका : कुठे १७, कुठे १६, जपानी गाडीवर १४. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीला चालणारा पाना आपल्या गाडीला चालेलच असं नाही.

जुन्या ट्रॅक्टरवर आणखी एक घोळ असतो. इंग्लंड-अमेरिकेच्या आराखड्यावर बनलेल्या जुन्या ट्रॅक्टरांना इंची बोल्ट आहेत. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ चा पाना कसाबसा निभावतो. अर्धा इंच म्हणजे १२.७, तिथे १३ चा पाना सैल बसतो. आणि ९/१६ इंच म्हणजे १४.२९, तिथे १४ चा जात नाही आणि १५ चा फिरून कोपरे खातो. घरी असा ट्रॅक्टर असेल तर इंची पाने वेगळे घ्या, आणि त्यांना रंगाची खूण करून वेगळे ठेवा.

बोल्ट गोल का होतो

घरगुती मेकॅनिकचं सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे बोल्टचं डोकं गोल होणं. दोन मिनिटांचं काम मग छिन्नीवर आणि वेल्डिंगवर जातं.

उघड्या तोंडाचा पाना बोल्टच्या फक्त दोन बाजू धरतो, सगळा जोर दोन कोपऱ्यांवर येतो. रिंग पाना चहूबाजूंनी धरतो, जोर सहाही कोपऱ्यांत वाटला जातो. म्हणून सोडवायची पहिली हिसकी आणि आवळायची शेवटची हिसकी रिंगनं किंवा गोटीनं द्यायची. मधलं फिरवणं उघड्या तोंडानं केलं तरी चालतं. या कारणानं दुसऱ्या टप्प्यात घ्यायची वस्तू ठरलेली आहे : रिंग पाने. तेही सगळे नकोत, आपल्या यंत्रावर लागतात तेवढेच. जपानी घराण्याच्या मोटारसायकलला बहुतेक वेळा ८, १०, १२, १४, १७ एवढ्यांत भागतं.

स्क्रू पाना, म्हणजे ॲडजस्टेबल, घ्यायला हरकत नाही, पण वापरताना जोर पक्क्या जबड्यावर येईल अशा दिशेनं ओढा. सरकत्या जबड्यावर जोर आला की तो सैल होतो आणि कोपरा जातो. आणि पाना शक्यतो आपल्याकडे ओढायचा, ढकलायचा नाही. ढकलताना निसटला तर बोटं थेट लोखंडावर जातात.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारं, लोखंड लवकर गंजतं. गंजलेल्या बोल्टशी ताकदीनं भांडू नये. तारेच्या ब्रशनं आटे साफ करा, डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल घाला, रात्रभर मुरू द्या. सकाळी डोक्यावर सरळ दोन-चार ठोके द्या, मग रिंग लावा, आणि आधी किंचित आवळायच्या दिशेनं हलवून मग सोडवा.

जोर किती लावायचा

पाने लहान-मोठे का असतात याचा विचार केला आहे का? लांबी ही जोराला घातलेली मर्यादा आहे. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. बोल्टपासून १० सेंटीमीटरवर हात धरला तर हा जोर अंदाजे १० किलोचा होतो, म्हणजे मनगटाचा. त्याच पान्याला ३० सेंटीमीटरचा पाईप लावून तेवढंच ओढलं, तर पीळ तिप्पट. बोल्ट तुटेल, नाहीतर इंजिनच्या ॲल्युमिनियममधले आटे मरतील. आटे मेले की ते काम घरचं राहत नाही. पाईप सोडवताना फार तर, आवळताना कधीच नाही. इंजिनच्या हेडचं काम घरी करणार असाल तरच टॉर्क रेंच घ्या, आणि आकडा गाडीच्या पुस्तकातूनच घ्या.

पैसा कुठे, बचत कुठे

जे हत्यार बोल्टला किंवा स्क्रूला धरतं, ते चांगलं घ्या. पाने, गोट्या, स्क्रू ड्रायव्हरचं टोक. नाशिकला, जालंधरला चांगली हत्यारं बनतात, परदेशीच हवं असं काही नाही. गोटी घेताना सहा कोनांची घ्या, बारा कोनांची घासलेल्या बोल्टवर लवकर घसरते. विकत घेण्याआधी एक चांगला बोल्ट खिशात घेऊन जा आणि पाना त्यावर बसवून बघा. डगडगत असेल तर छाप कितीही भारी असो, परत ठेवा.

जे हत्यार ठोकतं, कापतं, उचलतं, त्यात बचत करा. हातोडी, छिन्नी, हॅकसॉची फ्रेम साधी चालते. ब्लेड मात्र चांगलं : इंचाला २४ दातांचं रोजच्या कामाला, पातळ पत्र्याला आणि नळीला ३२ चं. व्हाइस जुना चांगला भेटतो. आठवडी बाजारात, भंगारात जबडे जुळतात का आणि स्क्रूचे आटे शाबूत आहेत का, एवढं बघून घ्या.

जत्रेत चमकत्या डब्यात चाळीस नग स्वस्तात देतात. त्यातले निम्मे आपल्याकडे कधीच लागत नाहीत, आणि जे लागतात ते मऊ निघतात. त्याच पैशात चार चांगले रिंग पाने येतात.

क्रमासाठी आम्ही एक साधा नियम सांगतो. एखादं हत्यार पहिल्यांदा लागलं तर मागून आणा. दुसऱ्यांदा लागलं तरी मागून आणा, पण वहीत लिहून ठेवा. तिसऱ्यांदा लागलं की विकत घ्या. बेअरिंग काढायच्या पुलरसारखी वस्तू बहुतेक घरांत तिसऱ्यांदा लागतच नाही. ती चार घरांत मिळून एक असली तरी पुरते.

विजेपुढे डबा थांबतो

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेतीपंपाची थ्री फेज वीज वेळापत्रकाप्रमाणे येते, कधी दिवसा, कधी रात्री. लाईन गेली म्हणून मोटरच्या पेटीत हात घातला आणि तेवढ्यात लाईन आली, अशानं माणसं गेली आहेत. ‘आत्ता लाईन नाही’ ही सुरक्षितता नव्हे. मेन स्विच पाडा, किटकॅट फ्यूज काढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा. ते खिशात आहेत तोवर दुसरा कोणी घाईत चालू करू शकत नाही.

निऑनच्या टेस्टरवर जीव टाकू नका. तो पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं होत नाही. मल्टिमीटर घ्या, आणि आधी चालू असल्याचं माहीत असलेल्या ठिकाणी तपासून मगच त्याच्यावर विश्वास ठेवा. कॅपॅसिटर बंद मोटरमध्येही भरलेला असू शकतो. स्टार्टर आणि मोटरची वायंडिंग वायरमनकडेच द्या. डब्यात काय नाही हे माहीत असणं, हीसुद्धा मेकॅनिकी आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*एका श्रोत्याचा प्रश्न : नवीन गाड्या सेन्सरच्या आहेत. मग पाने कशाला जमवायचे?*

रास्त प्रश्न आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या मोटारसायकलींचा कार्ब्युरेटर जवळपास गेला. इंजेक्शनचं काम कंपनीच्या मशीनवरच होतं. पण साखळीचा ताण, ब्रेक, बॅटरीचे टर्मिनल, एअर फिल्टर, तेल बदलणं, हे सगळं अजून पान्यानंच होतं. आणि रस्त्यात गाडी अडकते ती बहुतेक याच गोष्टींनी.

*दुसरा प्रश्न : हत्यारं मागून नेतात, परत येत नाहीत. काय करावं?*

देणं बंद करू नका, आपणही मागतोच. प्रत्येक पान्याला एकाच रंगाचा पट्टा मारा. भिंतीवर फळी लावून प्रत्येक हत्याराची आकृती काढा, म्हणजे रिकामी जागा रोज डोळ्यांपुढे राहते. आणि वहीत नाव, तारीख लिहा. लिहिलेलं परत येतं. पावसाळ्याआधी सगळी हत्यारं पुसून तेलाचं बोट फिरवून ठेवा.

*तिसरा प्रश्न : पोरांना कधी हात लावू द्यावा?*

पाना उचलता येतो तेव्हापासून, पण विजेपासून लांब. सायकलपासून सुरुवात करा. पोरगा असो की पोरगी, बोल्ट कुठल्या बाजूला सुटतो आणि किती आवळला की थांबायचं, हे हाताला कळावं लागतं. सांगून ते कळत नाही. पाने पुढच्या पिढीला तसेच जातात, चांगले असतील तर पन्नास वर्षं टिकतात. ते वापरायचा हात मात्र शिकवूनच द्यावा लागतो.