साष्टीचे पाणी आणि माणूस

मुंबईच्या उत्तरेस अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे दाट वस्तीने गजबजलेली दिसतात. ही सारी उपनगरे साष्टी नावाच्या बेटावर वसलेली आहेत. ‘षट्षष्टी’, म्हणजे सहासष्ट गावांचा समूह, यावरून हे नाव पडले असे मानतात. मध्यभागी अरण्याने झाकलेले डोंगर, पायथ्याशी भातखाचरे आणि चहूबाजूंस खाडी व समुद्र, असे या बेटाचे जुने रूप होते. येथे जो जो समाज आला, त्याने आपल्या गरजेप्रमाणे या भूमीला वळण दिले. त्या वळणाच्या खुणा येथील पाण्यावर सर्वांत स्पष्ट उमटलेल्या आहेत.

किनाऱ्यावर वेसावे, मढ, गोराई येथे कोळी राहत. भरती-ओहोटीच्या वेळा ओळखून ते जाळी लावीत. आगरी लोकांनी खाडीकाठी मातीचे बांध घातले. बांधाच्या आत कोठे भात पिकू लागले, तर कोठे खारे पाणी उन्हात आटवून मीठ तयार होऊ लागले. मुलुंड-भांडुपच्या बाजूची मिठागरे अशीच निर्माण झाली. डोंगरात वारली लोक राहत. राब भाजून ते थोडीफार शेती करीत, रानातील फळे व कंद गोळा करीत आणि वाघाला देव मानून पूजीत. भूमीत बदल या लोकांनीही केला. परंतु तो हाताने व बेताने केलेला होता.

याच डोंगरात बौद्ध भिक्षूंनी कान्हेरीची लेणी खोदली. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेले हे काम सुमारे एक हजार वर्षे चालले. तेथे शंभरांहून अधिक लेणी आहेत. लेण्यांजवळ पाण्याची टाकी खोदलेली असून, पावसाचे पाणी त्यांत आणून सोडण्यासाठी खडकातच पन्हळी कोरलेल्या आहेत. चार महिन्यांचा पाऊस वर्षभर कसा पुरवावा, हे त्या भिक्षूंना चांगले ठाऊक होते.

इ. स. १५३४ मध्ये साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. त्यांनी चर्च बांधली. अननस, पपई, काजू ही अमेरिकेतील झाडे त्यांच्याबरोबर भारतात आली आणि कोकणच्या मातीत रुजली. ही नावेही पोर्तुगीजांच्याच मार्गाने मराठीत आली. पुढे मराठ्यांनी १७३७ साली साष्टी जिंकून घेतली. १७७४ मध्ये ती इंग्रजांकडे गेली.

इंग्रजांच्या काळात मुंबई शहर झपाट्याने वाढले व तेथे पाण्याची टंचाई भासू लागली. तेव्हा साष्टीच्या डोंगरात मिठी नदी अडवून १८६० साली विहार तलाव पूर्ण करण्यात आला. १८७९ साली तुळशी तलावही तयार झाला. तलावात स्वच्छ पाणी यावे म्हणून भोवतालचे डोंगर राखून ठेवावे लागले. पाण्यासाठी राखलेल्या या रानाभोवतीच पुढे राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांच्या या उद्यानात आजही बिबट्या वावरतो. गरज शहराची होती. पण तिच्यामुळे अरण्य वाचले.

अरण्याबाहेरची स्थिती मात्र निराळी झाली. १८५३ मध्ये ठाण्याकडे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६७ मध्ये विरारकडची उपनगरी गाडी सुरू झाली. स्थानकांभोवती वस्ती वाढली. १९५० व १९५७ साली ही उपनगरे बृहन्मुंबईत सामील करण्यात आली. भातखाचरांवर घरे उभी राहिली, दलदली भरल्या गेल्या, खाडीकाठची तिवरे तुटली. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीभोवतीचा खडकही फोडून नेण्यात आला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या खडकाचा, साठ मीटर उंचीचा एक सुळका तेवढा आज तेथे उभा आहे.

या बदलाचे मोल २६ जुलै २००५ रोजी कळून आले. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यातच समुद्राला भरती आली. भराव आणि बांधकामे यांनी अरुंद झालेल्या मिठी नदीत ते पाणी मावेना. ते घरांत शिरले आणि शेकडो माणसे प्राणांस मुकली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबविण्याचा आदेश दिला.

पाऊस साष्टीला नवा नाही. कान्हेरीच्या भिक्षूंनी त्याला खडकात जागा करून दिली, आगऱ्यांनी खाडीच्या पाण्याला बांध घातला. पण भरतीला तिची जागा सोडली. माणूस जेथे राहतो, तेथील भूमी बदलल्यावाचून राहत नाही. मात्र बदल करताना पाण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. ती बुजविली, तर पाणी आपली वाट आपण शोधते.